पंचविसावा नग

१

सुलक्षणाला राग येतो असं पिंप्राळ्यात कुणी म्हणत नसे. राग तिच्या घरी मुक्कामालाच होता, त्याच्या येण्याजाण्याचा प्रश्नच नव्हता. दूधवाल्याने पिशवी दाराला न अडकवता पायरीवर ठेवली की राग, रिक्षावाल्याने वळताना हात दाखवला नाही की राग, आणि ऑफिसात कुणी अर्धवट कागद टेबलावर आणून टाकले तर मग विचारूच नका. नवरा गेला तेव्हा पुनम चार वर्षांची होती. तेव्हापासून बाईने संसार ओढला तो या रागाच्या जोरावर, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काम कस्टमच्या कागदांचं. जळगावातल्या एका क्लिअरिंग एजंटकडे ती बावीस वर्षं होती. परदेशी जाणारा आणि तिकडून येणारा माल शहराबाहेरच्या कंटेनर डेपोत थांबायचा, आणि हा माल नेमका काय आहे ते कागदावर लिहायचं सुलक्षणाने. जगातल्या प्रत्येक वस्तूला सरकारने एक नंबर दिलेला आहे, त्याला हेडिंग म्हणतात. केळीच्या वेफर्सचं वेगळं, ठिबकच्या नळीचं वेगळं. चुकीच्या हेडिंगखाली गेलेला माल अडकतो. सुलक्षणाला हेडिंगं तोंडपाठ होती. कुठलीही वस्तू पुढे आली की ती आधी नंबर आठवायची आणि मग वस्तूकडे बघायची.

लेक तिच्यावरच गेली होती. पुनम बावीस वर्षांची, जिभेने तिखट. मायलेकींची रोज सकाळी जुंपायची. पोह्यांत मीठ कमी, स्कूटीची चावी कुठे, निळी ओढणी कुणी घातली, विषय कुठलाही चालायचा. "आई, मूर्खासारखं बोलू नको," हे पुनमचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या वच्छलाबाई टीव्ही बारीक करून ऐकत बसायच्या. भांडण संपलं की दोघी एकाच स्कूटीवर निघायच्या, आणि त्या भांडणाशिवाय सुलक्षणाचा दिवस सुरूच व्हायचा नाही.

पुनम दुबईहून परत आल्याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत पुनमने एकदाही आवाज चढवला नव्हता.

२

ती दुबईला गेली कशी, ते आधी सांगायला हवं.

धुळ्याच्या पन्नालाल भांडारींचं साड्यांचं मोठं दुकान. जळगावात त्यांची शाखा होती, तिथे पुनम कामाला. काचेतल्या पुतळ्यांना साड्या नेसवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. धुळ्याची काच पन्नालालजींची सून रुची स्वतः सजवायची, आणि तीही अडलं की पुनमला फोन करायची. मुलगा अखिलशेठ याने दुबईतल्या प्रदर्शनात भाग घ्यायचं ठरवलं. पंचवीस पुतळे पेट्यांतून जहाजाने पुढे जायचे, मागून साड्या नेसवायला पुनम विमानाने.

कागद सुलक्षणानेच केले. हेडिंग शहाण्णव अठरा: शिंप्यांच्या बाहुल्या, इतर मानवाकृती, आणि दुकानाच्या काचेत मांडायच्या हलत्या आकृत्या. नग पंचवीस. आणि ऐन चढवाचढवीत डेपोतल्या हिलालच्या हातून पंचविसावा पुतळा निसटला. मान तुटली, खांद्याचे तुकडे झाले.

सुलक्षणाने हिलालची अशी काही खरडपट्टी काढली की डेपोचा वॉचमन फाटक सोडून बघायला आला. पण पुतळा तर गेलाच. पंचवीसचे चोवीस करायचे म्हणजे सगळे कागद नव्याने, दोन दिवस मोडणार, आणि तोवर मुंबईचं जहाज सुटणार. अखिलशेठ डोक्याला हात लावून बसले. या धंद्यात असं झालं की काय करतात ते सगळ्यांना माहीत असतं. पेटी मोकळीच बंद केली, पट्ट्या मारल्या, वर पंचवीस आकडा टाकला. उघडून कुणी बघत नाही.

सही करता करता सुलक्षणा हसून म्हणाली, "पंचविसावी आमची पुनम धरा. ती जाणारच आहे तिकडे."

सगळे हसले. शिव्या खाऊन कोपऱ्यात उभा असलेला हिलालही हसला. तिने शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला.

पुनम गेली ती मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. बोटावर ताजी शाई होती. त्या सकाळीही बॅगेवरून दोघींचं कडाक्याचं वाजलं, आणि पुनम मागे वळून न बघता रिक्षात बसली. एवढं भांडण त्यांच्यात नेहमीचंच होतं.

३

परत आली तेव्हा गाडीला तीन तास उशीर झाला होता. स्टेशनवर सुलक्षणा रेल्वेच्या नावाने खडे फोडत उभी. पुनम डब्यातून उतरली, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "तुला थांबावं लागलं, आई." बस, इतकंच. गाडीबद्दल एक शब्द नाही, शेजारच्या सीटवर घोरणाऱ्याबद्दल नाही, डब्यातल्या चहाबद्दल नाही. सुलक्षणाने तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

घरात ती वागायची तशी वागत होती, म्हणजे उठत होती, आंघोळ करत होती, जेवत होती. सुलक्षणाने वाढलेलं सगळं खायची. चौथ्या दिवशी सुलक्षणाने मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ घातलं. पुनमने वाटी संपवली आणि विसळून ठेवली.

आणि उभी राहायची. संध्याकाळी सुलक्षणा ऑफिसातून यायची तेव्हा पुनम खिडकीपाशी उभी असायची. डावा हात अंगापासून थोडा लांब, बोटं सुटी, जणू त्यावर कुणी काही अडकवणार आहे. विचारलं तर म्हणायची, तिकडे बारा-बारा तास पुतळ्यांच्या शेजारी उभं राहावं लागायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही असा नियम होता, सवय लागली. हे पटण्यासारखं होतं. सुलक्षणाला ते पटलंही, आणि तरी तिचं डोकं तडकलं.

बोटावरची शाई गेली होती. डाव्या तर्जनीला चिकटपट्टी. नखावरची शाई महिना-दीड महिना हलत नाही, हे कुणालाही माहीत आहे. "शाई कुठे गेली?" सुलक्षणाने विचारलं. पुनम म्हणाली की काचेच्या दारात बोट सापडलं, नखच निघालं. दुखलं का, तर आता दुखत नाही. कुणाची चूक होती, तर कुणाची नाही, आई.

कुणाची नाही! पुनमचं नख निघालं आणि चूक कुणाचीच नाही! पूर्वीची पुनम असती तर ते दार बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

यात भर म्हणून वच्छलाबाई. पोरगी किती शहाणी होऊन आली, म्हणाल्या. कसं हळू बोलते, कशी मान खाली घालून जाते. आता स्थळं बघायला लाग, अशी मुलगी हातोहात जाईल. सुलक्षणाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने वच्छलाबाईंच्या तोंडावर दार आपटलं आणि वळून बघितलं, तर पुनम खिडकीपाशी उभी होती आणि दार आपटल्याचा आवाज जणू तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

ही माझी पोर नाही, असं त्या दुपारी सुलक्षणाच्या मनात पहिल्यांदा आलं. तिने स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि भांडी घासायला घेतली.

४

मंगळवारी पेट्या परत आल्या.

बाहेर गेलेला माल परत येतो तेव्हा गेला तोच आला का, हे बघावं लागतं. त्यामुळे या वेळी प्रत्येक पेटी उघडणार होती. मोकळी पेटी निघाली की काय सांगायचं ते सुलक्षणाने घोकून ठेवलं होतं. तपासायला स्वप्नील नावाचा नवा साहेब होता. वयाने पोरगेलासा, पण कागदाला पक्का, सुलक्षणाला मनातून आवडायचा.

हिलाल एकेक पेटी काट्यावर चढवून उघडत होता. पेटीचं वजन वजा जाता बारा किलो, साडेअकरा, बारा. फायबरचे पुतळे, अर्धवट नाकाचे, बिनडोळ्यांचे. चोविसावी झाली. सुलक्षणाने घसा साफ केला. हिलालने पंचविसावी पेटी उचलायला हात घातला आणि तो तसाच वाकून राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "हाई जड शे."

काट्यावर सेहेचाळीस किलो आले.

फळी निघाली. आत थर्माकोलच्या गोळ्यांत पुतळा होता. चेहरा पुनमचा नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. बाकीच्या चोवीस पुतळ्यांसारखाच चेहरा, नाकाच्या जागी उंचवटा, डोळ्यांच्या जागी खळगे. रंग तोच, चकाकी तीच. सुलक्षणाला हायसं वाटलं. कुणीतरी तिकडून एक जादा पुतळा भरला असणार, नग पुरे झाले, बरंच झालं.

मग तिला त्याचा डावा हात दिसला. तर्जनीवर जांभळट काळी रेघ होती. नखाच्या मुळापासून खाली कातडीवर उतरलेली, मतदान केंद्रातली बाई काडीने ओढते अगदी तशी.

कातडी कसली, फायबर. सुलक्षणाने स्वतःला दटावलं. तिकडच्या गोदीत मोजणाऱ्याने खूण केली असेल. खुणा अशाच करतात. तिने बाकीच्या चोवीस पुतळ्यांचे हात तपासले. एकावरही खूण नव्हती.

स्वप्नील साहेबाला शाईशी काही देणंघेणं नव्हतं, त्याची अडचण वजनाची. बारा किलोचा माल गेला आणि सेहेचाळीसचा आला, म्हणजे ही वस्तू वेगळ्या कशाची तरी आहे. मग प्लास्टिकची मूर्ती लिहायची, की वैद्यकीय कॉलेजात शिकवायला ठेवतात ती आकृती, की दुकानातला पुतळा? तिन्हींची हेडिंगं वेगळी. ताई, तुम्ही जाणकार, तुम्हीच बघून लिहून द्या, शुक्रवारपर्यंत. कागदावर तुम्ही जे लिहाल तेच आम्ही धरणार.

सुलक्षणाने तोंड उघडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला नंबर सुचला नाही. पुनम विमानाला गेली त्या दिवशी बॅग विमानतळावर अडू नये म्हणून दोघींनी घरीच तोलली होती, आणि बॅगेआधी काटा बरोबर आहे का बघायला पुनम स्वतः त्यावर चढली होती. सेहेचाळीस.

५

गुरुवारी ती एकटीच डेपोत गेली. दुपारची वेळ, पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटलेली. पत्रा तापून मधूनच टणकन वाजायचा. हिलाल शेडच्या तोंडाशी तंबाखू मळत होता.

पेटी उघडीच होती. तिने बोट बघितलं आणि मग मोबाईल काढून मंगळवारी तपासणीच्या वेळी काढलेला फोटो बघितला. फोटोत शाई नखाच्या मुळाला चिकटलेली. समोरच्या बोटावर ती तिथे नव्हती. मूळ आणि शाई यांच्यामध्ये कोरी पांढरी फट होती, तांदळाच्या कणीएवढी.

उजेड वेगळा असेल. फोटो तिरका असेल. तिने फोटो मोठा करून बघितला, छोटा करून बघितला, पुतळ्याच्या उजव्या बाजूला जाऊन बघितला. मग मोबाईल पेटीच्या कडेवर आपटला. दोन दिवसांत नख वाढतं का? माणसाचंही एवढं वाढत नाही, आणि हा पुतळा. पुतळा! हेडिंग शहाण्णव अठरा! ती हे मोठ्याने बोलली. शेडमध्ये आवाज घुमला आणि विरला.

तिने त्या नखावर बोट ठेवलं. शेडमधलं सगळं लोखंड, सगळं लाकूड पोळत होतं. नख पोळत नव्हतं आणि गारही नव्हतं.

"मी हाईले हात लावनार नई, अक्का," मागून हिलाल म्हणाला. इतरांसमोर मिशीला पीळ देणारा माणूस, पण तिच्याकडे न बघता बोलत होता. "मोकळी पेटी व्हती. आपनच बंद कयी."

सुलक्षणाने त्याला चालता हो म्हणून सांगितलं. आवाज चढला, पण रागाखाली आणखी काहीतरी होतं आणि ते तिला नको होतं. पंचविसावी आमची पुनम धरा. कोण म्हणालं होतं? कुणी मारला होता शिक्का? कागदावर पंचवीस होते आणि पेटीत चोवीस, तर कागदाने आपला नग कुठूनतरी भरून घेतला. चुकी कुणाची, तर सुलक्षणाची. आणि तो हिशोब तिची लेक इथे थर्माकोलच्या गोळ्यांत पडून चुकता करत होती, आणि घरी भलतंच कुणीतरी तिच्या ताटात जेवत होतं.

असं तिने ठरवलं. रागात माणूस ठरवतो ते फार लवकर ठरवतो.

६

शुक्रवारी सकाळी तिने शेवटची परीक्षा घेतली. निळी ओढणी कपाटातून काढली. जिच्यावरून चार वर्षं युद्ध चाललं होतं तीच. पुनमच्या समोर उभं राहून तिने ती कात्रीने उभी फाडली. एक पट्टी, दुसरी, तिसरी. भांड, मनात ती म्हणत होती. ओरड. कात्री हिसकावून घे. मला काहीही म्हण.

पुनम खाली बसली. एकेक पट्टी उचलून घडी घालू लागली. तिचे हात थरथरत होते, पण सुलक्षणा त्या वेळी हात बघत नव्हती, ती तोंडाकडे बघत होती.

"आई, मी आता तुझ्याशी भांडणार नाही," पुनम म्हणाली. "आपण भांडून निघालो होतो. तिकडे रोज तेच आठवायचं. मी ठरवलंय."

सुलक्षणाला ते पाठ केल्यासारखं वाटलं. कुणीतरी आत बसून शब्द लावतंय, आवाज तेवढा पुनमचा. इतका संताप तिला नवरा मेला तेव्हा देवाचाही आला नव्हता. माझ्या पोरीचा आवाज घेतलास, तिचं अंथरूण घेतलंस आणि वर माझी समजूत घालतेस!

"चल," ती म्हणाली. "स्कूटीवर बस. डेपोत काम आहे."

"बरं," पुनम म्हणाली.

७

दुपारी दीड ते अडीच डेपोची जेवणाची सुट्टी. वॉचमनने ताईंना बघून फाटक उघडलं, मागे कोण बसलंय ते विचारलंही नाही. शेडमध्ये कुणी नव्हतं. पत्रा वाजत होता.

सुलक्षणाने पुतळ्याच्या खांद्याखाली हात घातले. सेहेचाळीस किलो उचलताना कमरेत कळ आली, पण उचलला. गोधडीत गुंडाळला आणि शेडच्या मागे सांगून ठेवलेल्या मालाच्या रिक्षात आडवा केला. रिक्षावाल्याला वाटलं पॅकिंगची गादी असेल. परत आली तेव्हा पुनम पेटीकडे बघत उभी होती.

"यात झोप," सुलक्षणा म्हणाली. "माप बघायचंय."

पुनमने तिच्याकडे बघितलं. सुलक्षणा वाट बघत होती. आता तरी, अगदी आता तरी एक शब्द. माझी पोर असती तर माझा हात चावून पळाली असती.

"तू म्हणशील तसं, आई."

आणि ती चपला काढून पेटीत शिरली. थर्माकोलचे गोळे करकरले. तिने हात सरळ केले, डावा थोडा लांब, आणि डोळे मिटले. सुलक्षणाला जे हवं होतं ते मिळालं, खात्री पटली. तिने फळी ओढली. फळ्यांमध्ये फटी होत्या, त्यांतून आतला पिवळा ड्रेस दिसत होता, मग वर पुठ्ठा टाकल्यावर तोही दिसेना. आतून काहीच आवाज आला नाही. श्वासाचाही नाही, आणि हे तिने पुराव्यात धरलं.

सुट्टी संपल्यावर हिलालने पट्ट्या मारल्या, हात धुतल्यासारखे झटकत. स्वप्नील साहेबाने पेटी काट्यावर घ्यायला लावली. सेहेचाळीस. जुळलं. ताई, मग काय लिहिताय?

सुलक्षणाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: मानवाकृती, स्त्री, एक नग, दुकानाच्या काचेत मांडण्यासाठी. हेडिंग शहाण्णव अठरा. खाली सही केली. चार वाजता पंचवीस पेट्या घेऊन ट्रक धुळ्याच्या रस्त्याला लागला.

८

स्कूटी डेपोतच ठेवून ती रिक्षात बसली, गोधडी मांडीवर घेऊन. पाळधीच्या फाट्यापर्यंत पाय बधिर झाले होते. शहरात शिरेपर्यंत मुंग्या गेल्या. पिंप्राळ्याच्या वळणावर खड्डा लागला आणि गोधडी उसळली तेव्हा ती एका हाताने सावरता आली. घरासमोर उतरून तिने ती काखेत मारली आणि जिना चढली. राग अंगात बळ देतो, असं ती स्वतःला म्हणाली. दाराशी ती थांबली. बारा किलो, फार तर बारा. मग तिने दार उघडलं, आणि तो विचार बाहेरच ठेवला.

पुतळ्याला तिने खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. कंबरेत तो वाकत नव्हता, तरी बसला. आठ दिवस ती त्याच्याशी बोलत होती. आधी लाडाने, मग नेहमीच्या आवाजात. पोहे केले, मीठ कमी घातलं. ऊठ आता, नाटकं पुरे. बॅग कुणी भरली होती तुझी, मीच ना? वच्छलाबाईंना सांगितलं की पुनम धुळ्याच्या दुकानात गेलीय कामाला. हे खोटं नव्हतं, पण ते तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

रोज सकाळी ती पहिल्यांदा बोट बघायची. फट तांदळाच्या कणीएवढीच होती. चौथ्या दिवशी ओल्या फडक्याने पुतळ्याचा हात पुसला, तर फडक्यावर जांभळा डाग आला. सहाव्या दिवशी बोट स्वच्छ होतं. फायबरचं, गुळगुळीत. नख असं काही नव्हतंच त्याला, साच्यात उमटवलेला नुसता आकार.

शनिवारी सकाळी दहाला फोन वाजला. धुळ्याहून रुची.

"ताई, काच लावली बरं का. सगळं छान झालंय," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. पंचविसाव्या पेटीतला जो पुतळा आहे ना, त्याची नखं वाढतात. हसू नका. मी मंगळवारी कापली, परत आलीत. आणि डाव्या हाताच्या एका बोटाला नखच नव्हतं, तिथे आता नवीन फुटतंय. गिऱ्हाईक विचारतं. हा कसला माल आहे? तुमच्या कागदात काय लिहिलंय?"

सुलक्षणाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, पुनमला द्या ना जरा," रुची म्हणाली. "तिकडे तीच होती, तिला माहीत असेल."

मी ठरवलंय, आई. तू म्हणशील तसं, आई. थरथरणारे हात आता तिला दिसले. निळ्या पट्ट्यांची घडी घालणारी बोटं, एकावर चिकटपट्टी. आयुष्यात एकदाच पोरीने आईसाठी जीभ आवरली होती. नऊ दिवस कसंबसं गिळून गप्प राहिली होती, आणि आईने तिला त्याचं काय दिलं, तर हेडिंग.

"कापू नको," सुलक्षणा कशीबशी म्हणाली. "हात लावू नको तिला. काच उघड. मी येते."

धुळ्याची बस साडेदहाला होती. तिने पर्स उचलली, पायात चपला सरकवल्या, खुर्चीकडे बघितलं नाही. बघायचंच नाही असं ठरवून ती दाराबाहेर पडली आणि तीन पायऱ्या उतरली. घरात दुसरं कुणी नव्हतं, दार तिने नुसतं लोटलं होतं.

मागे दार घट्ट बंद झालं, आणि कुणीतरी आतून कडी लावली.